कळणे आणि वळणे

सवयीसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांत ‘अंगवळणी पडणे’ हा सर्वांत नेमका. एखादी गोष्ट मनात ठसते, डोक्यात बसते. पण तिची सवय झाली की ती अंगाच्या वळणी पडते. पायवाटेला वळण पडते, हस्ताक्षराला पडते, तसे अंगालाही पडते आणि पुढची हालचाल आपसूक त्याच वळणाने जाते. मुलाला वळण लावणे, हात बसणे, जिभेला चटक लागणे, पाय आपोआप तिकडे वळणे या सगळ्या बोलण्यात सवयीचा पत्ता शरीरातलाच आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असे म्हणतात. तो पीळ म्हणजे तंतूंनी धरून ठेवलेले वळणच.

धर्मविचारापुढचा एक जुना आणि अवघड प्रश्न याच ठिकाणी उभा राहतो. चांगले काय हे माणसाला कळते, ते करावेसेही वाटते, तरी ऐन वेळी हात जुन्याच जागी जातो. ‘कळते पण वळत नाही’ या चार शब्दांत हा प्रश्न मराठी घरांत रोज बोलला जातो. उपदेश, ग्रंथ, शपथ यांचा भर कळण्यावर असतो. वळण्याचे काय? गोदावरी आणि मांजरा यांच्या काठच्या नांदेड-लातूर प्रदेशात बौद्ध, वारकरी, लिंगायत, शीख आणि नाथ परंपरा शेजारी शेजारी नांदतात. त्यांची तत्त्वज्ञाने वेगवेगळी आहेत. पण वळण बदलायचे तर शरीरापाशी जावे लागते हे त्या सर्वांनी ओळखले आहे.

सवय म्हणजे काय ते तंबाखूत फार स्पष्ट दिसते. गावच्या पारावर दोघे बोलत बसलेले असतात. बोलता बोलता एकाचा हात खिशात जातो, पुडी निघते, डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू पडते, डबीतला चुना नखाने त्यावर येतो. उजवा अंगठा मळू लागतो. मग दोन-तीन थापा, भुकटी उडते, आणि बार खालच्या ओठाआड जातो. एवढ्या वेळात बोलण्यातला एक शब्दही अडखळलेला नसतो. हात खिशात कधी गेला, असे त्याला विचारले तर सांगता येत नाही. पुडीवर कर्करोगाचे चित्र आहे, ते त्याने शंभरदा पाहिले आहे, घरच्यांनी शपथ घातली आहे, त्यानेही ती मनापासून घेतली आहे. शपथ घेतली जिभेने. खिशात जाणाऱ्या हाताला तिचा पत्ताच नाही. पुष्कळांना आपली सवय पहिल्यांदा दिसते ती खिसा रिकामा असताना. हात आत जातो, काही लागत नाही, आणि तेव्हा कुठे कळते की हात गेला होता.

त्या रिकाम्या खिशातला क्षण फार मोलाचा आहे. पुढचे सगळे विवेचन खरे तर त्याच क्षणाविषयीचे आहे.

विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मानसशास्त्रावरील आपल्या मोठ्या ग्रंथात सवयीला स्वतंत्र प्रकरण दिले. पुन्हा पुन्हा केलेली कृती मज्जासंस्थेत वाट पाडते आणि मग एक हालचाल पुढच्या हालचालीला आपोआप ओढून आणते, असे त्यांचे म्हणणे होते. मेंदूच्या आजच्या अभ्यासाने त्यात भर घातली. वारंवार केलेल्या कृतींची साखळी मेंदूच्या खोल भागातील गाभ्यांत एकजिनसी बांधली जाते. ती सुरू झाली की मधल्या कड्यांसाठी वेगळा निर्णय लागत नाही. सायकल चालवता येते, भाकरी थापता येते, ते याच सोयीमुळे. प्रत्येक भाकरीला बोटे कशी फिरवायची याचा विचार करावा लागला असता तर संसारच अडला असता. म्हणजे सवय हा शत्रू नाही. प्रश्न एवढाच की, ज्या वाटेने भाकरी येते त्याच वाटेने तंबाखू येते, रागाने उगारलेला हातही येतो, आणि एकदा ती वाट सुरू झाली की मध्ये फाटक नसते.

भारतीय दर्शनांनी या वाटेला ‘संस्कार’ म्हटले. पतंजलींच्या योगसूत्रांत प्रत्येक कृती आणि अनुभव चित्तात ठसा ठेवतो, तो ठसा तशीच कृती पुन्हा घडवतो, आणि त्यातून ठसा आणखी खोल होतो. बौद्ध विचारात हाच शब्द पालीत ‘संखार’ होतो आणि आणखी सक्रिय बनतो. तिथे तो प्रतिक्रिया घडवणारी ओढ आहे. बौद्ध विश्लेषणाचा खरा नवेपणा मात्र क्रमात आहे. इंद्रियाला विषयाचा स्पर्श होतो. स्पर्शातून वेदना येते. वेदना म्हणजे इथे दुखणे नव्हे, तर अंगावर उमटणारी कोणतीही सुखद, दुःखद किंवा तटस्थ संवेदना. वेदनेतून तृष्णा येते, तृष्णेतून धरून ठेवणे. माणूस वस्तूच्या मागे धावतो असे आपल्याला दिसते. या मांडणीत तो वस्तूमुळे स्वतःच्या अंगात उठलेल्या संवेदनेमागे धावतो. तंबाखूची आठवण होते तेव्हा ओठाच्या आतल्या बाजूला, घशाशी, बोटांच्या टोकांशी काहीतरी हलते. हात त्या हलण्याला उत्तर देतो. ती संवेदना ओळखू आली, आणि उत्तर न देता थोडा वेळ तिच्यासोबत थांबता आले, तर साखळी तिथे तुटू शकते. स्पर्श टळत नाही, संवेदनाही टळत नाही. संवेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये मात्र उभे राहायला जागा आहे.

ती जागा सापडावी म्हणून सतिपट्ठान सुत्तात शरीराकडे पाहण्याची शिस्त सांगितली आहे. श्वासापासून सुरुवात होते, पण सुत्त तिथे थांबत नाही. चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे या चारही अवस्थांत त्या अवस्थेचे भान ठेवायचे. मग आणखी बारकावा येतो: पुढे जाताना आणि मागे फिरताना, मान वळवून पाहताना, हात आखडताना आणि पसरताना, वस्त्र नेसताना, खाताना, चावताना, शौचाला जाताना, बोलताना आणि गप्प राहताना. ही यादी वाचणाऱ्याच्या लक्षात येते की यात एकही ‘धार्मिक’ कृती नाही. जिथे जिथे माणूस आपोआप चालतो, नेमकी तीच ठिकाणे निवडलेली आहेत.

विसाव्या शतकात ही साधना महाराष्ट्रात पुन्हा रुजली ती मुख्यतः सत्यनारायण गोएंका यांच्यामुळे. ब्रह्मदेशात जन्मलेल्या गोएंकांनी सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९ मध्ये भारतात पहिले शिबिर घेतले आणि पुढे इगतपुरीचे धम्मगिरी हे मुख्य केंद्र झाले. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठणे आणि मौन असते. पहिले तीन दिवस केवळ नाकपुड्यांपाशी श्वास पाहायचा, मग सगळ्या अंगावरून लक्ष फिरवायचे. त्यातला सर्वांत कसोटीचा भाग म्हणजे अधिष्ठानाची बैठक: एक तास मांडी, हात हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पाचव्या-दहाव्या मिनिटाला गालावर खाज येते. एरवी तिथे हात गेलेलाही कळला नसता. आता हात जात नाही आणि खाज दिसू लागते. ती वाढते, टोकाला जाते, असह्य वाटते आणि मग विरते. अंगात उठलेले प्रत्येक बोलावणे हुकूम नसते, हे साधकाला त्या गालावर कळते. पुस्तकात हेच वाक्य वाचले की ते कळण्याच्या रकान्यात जाते. गालावर अनुभवले की वळण्याच्या.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत बौद्ध समाज मोठा आहे. नांदेडजवळ दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषद भरते. उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचे लोकार्पण ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. विहारात वंदना आणि पंचशील ठरलेले असते. त्याच्या जोडीला चंक्रमण, म्हणजे भान ठेवून केलेल्या येरझारा, अधिक रुजायला हव्यात असे सुचवावेसे वाटते, कारण शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्या शरीराला बसण्यापेक्षा चालण्यातून भान लवकर सापडते. चंक्रमणाला दहा-पंधरा पावलांची सपाट जागा पुरते. टाच उचलते, मग चवडा सुटतो, पाय हवेतून पुढे येतो, टाच टेकते, वजन हळूहळू पुढच्या पायावर उतरते. पहिल्या दिवशी बहुतेकांना इतकेच कळते की पाय खाली टेकायच्या आधीच वजन पुढे पडते आहे. शरीर पोहोचण्याआधी घाई पोहोचलेली असते. ती घाई पायात दिसली की ती जेवणातही दिसू लागते, बोलण्यातही.

हालचाल हळू का करायची याचे उत्तर पाश्चात्य अभ्यासकांनीही शोधले. फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर हे ऑस्ट्रेलियातले नाट्यवाचक. रंगमंचावर त्यांचा आवाज बसू लागला. उपचारांनी गुण येईना, तेव्हा त्यांनी आरशापुढे उभे राहून स्वतःला बोलताना पाहिले. तोंड उघडण्याआधीच डोके मागे खेचले जात होते आणि घसा दाबला जात होता. डोके सरळ ठेवायचे असे ठरवून ते सरळ राहिले नाही. ‘आता बोलायचे’ एवढा विचार आला तरी मान मागे जायची. अखेर त्यांनी आधी बोलण्याचा हेतूच थांबवायला शिकून घेतले आणि त्या थांबलेल्या जागेतून नवी हालचाल उभी केली. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई त्यांच्याकडे शिकले, आणि सवयीवरच्या आपल्या १९२२ च्या ग्रंथात ड्युईंनी मांडले की चुकीच्या पद्धतीने उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘सरळ उभा राहा’ सांगून उपयोग नसतो. सरळ म्हणजे काय हे त्याच्या वाकड्या सवयीनेच त्याला सांगितलेले असते. मोशे फेल्डेनक्राइस यांनी याच दिशेने पुढे जाऊन बारीक, संथ, बिनकष्टाच्या हालचालींची पद्धत बसवली. त्यामागचा नियम घरगुती अनुभवाचा आहे. डोक्यावर दोन भरलेले हंडे असताना त्यात कोणी वाटीभर पाणी ओतले तर कळत नाही. हातात रिकामा तांब्या असेल तर तेच पाणी लगेच जाणवते. जोर जितका मोठा तितका फरक कळेनासा होतो. दात-ओठ खाऊन सवय सोडू पाहणाऱ्याची अडचण हीच. निश्चयाचा ताण एवढा असतो की हात केव्हा निघाला हे त्यात बुडून जाते.

योगसूत्रांनी आसनाची व्याख्या स्थिरता आणि सुख या दोन शब्दांत केली आणि ते साधायला प्रयत्न सैल करायला सांगितले, ते या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोर, विटा, खुर्च्या यांचा आधार आसनाला दिला तो ताण काढून घेण्यासाठीच. आधार मिळालेल्या पायाला आपला कोणता भाग उगाच आखडला आहे ते कळते.

योगसूत्रांनी उपाय म्हणून ‘अभ्यास’ हा शब्द वापरला आहे, आणि लातूरमध्ये तर हा शब्द रस्तोरस्ती पाट्यांवर आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परीक्षेच्या तयारीसाठी राज्यभरातून आलेली मुले खोल्यांत आणि अभ्यासिकांत दहा-बारा तास बसतात. अभ्यास म्हणजे त्यांच्यासाठी पाठांतर, सराव परीक्षा, गुण. मूळ अर्थ होता एखाद्या स्थितीत टिकून राहण्यासाठी दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने केलेला प्रयत्न. दोन्ही अर्थांत तास सारखेच लागतात, पण एकात शरीर विसरावे लागते आणि दुसऱ्यात तेच साधन असते. अभ्यासिकेत रात्री अकराला पाहिले तर माना पुढे झुकलेल्या, खांदे कानांकडे चढलेले, श्वास छातीच्या वरच्या टोकाशी अडकलेला दिसतो. अवघड गणित समोर आले की जबडा आवळला जातो, आणि वर्षभरात त्या गणिताची आणि आवळलेल्या जबड्याची जोडी जमते. मग परीक्षेत गणित दिसायच्या आधी जबडा आवळतो. ही भीती मनातली म्हणून समजावत बसण्यापेक्षा जबडा सैल सोडायला शिकवणे जास्त लवकर लागू पडते. महाराष्ट्राच्या शिक्षण विभागाने २०१२ च्या सुमारास शाळांत ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापानाची, म्हणजे श्वास पाहण्याची, दहा मिनिटे सुचवली. लातूरसारख्या शहराला त्या दहा मिनिटांची गरज सर्वांत जास्त आहे, हे मत आग्रहाने मांडायला हवे. मुलांच्या तासांतून ती वजा होत नाहीत. उरलेल्या तासांतले आखडलेपण ती वजा करतात.

वेगळ्या वाटेने जाणाऱ्या परंपरांनी भानाची जागा अंगावरच बांधून ठेवली. वारकरी माळ घालतो तेव्हा मद्य-मांस सोडण्याचा निश्चय करतो, आणि ती तुळशीची माळ गळ्यापाशी असते. घास आणि घोट जातो त्याच वाटेवर. पेल्याकडे हात गेला तर मान झुकताना मणी गळ्याला लागतात. लिंगायतांत इष्टलिंग अंगावर धारण केले जाते. पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घेऊन नजर त्यावर स्थिर करायची असते. देव देवळात नव्हे तर तळहातावर, म्हणून तळहात वाटेल तिथे वापरता येत नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबमध्ये, जिथे गुरू गोबिंदसिंहांनी १७०८ मध्ये देह ठेवला, येणाऱ्या शिखांच्या मनगटांवर कडे असते. १६९९ च्या खालसा स्थापनेशी जोडलेल्या पाच ककारांपैकी ते एक. उगारलेल्या हाताबरोबर ते सरकते आणि मनगटाला लागते. या तिन्ही गोष्टींना केवळ ओळखचिन्हे मानणे उथळपणाचे आहे. शपथ आठवणीत राहत नाही; कृती घडते त्या जागी ती स्पर्शाने आठवली जावी, अशी योजना त्यांत आहे. अर्थात रोज अंगावर असलेली वस्तूही अंगवळणी पडते, आणि कड्याचा स्पर्श कळेनासा होतो. म्हणून हजूर साहिबच्या सेवेला महत्त्व आहे. भाविकांच्या चपला-बूट सांभाळणे, पुसणे, लंगरमध्ये भांडी घासणे, पोळ्या लाटणे. आयुष्यभर हुकूम दिलेला हात दुसऱ्याच्या पायताणाला लागतो तेव्हा त्याला स्वतःचा अवघडलेपणा जाणवतो, आणि ते जाणवणे हाच सेवेचा पहिला अर्धा भाग.

इथे एक खरा तात्त्विक पेच आहे. बौद्ध साधना देहाचे भान ठेवायला सांगते, तर भक्तिपरंपरेत ‘देहभान हरपणे’ ही धन्यता मानली जाते. मग भान ठेवायचे की हरवायचे?

पावली खेळणाऱ्या वारकऱ्याकडे पाहिले की पेच थोडा सुटतो. मृदंगाच्या ठेक्यावर पाय पुढे, मागे, बाजूला, टाळ छातीपाशी, शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळलेले. ज्याचे देहभान हरपले आहे त्याचा पाय चुकत नाही. उलट नवशिका, ज्याला आपण कसे दिसतो याची काळजी आहे, तोच चुकतो. हरपते ते देहाविषयीचे ‘मी’पण: मान, लाज, वय, जात, हुद्दा. पायाला जमिनीचे, हाताला टाळाचे भान असतेच, कदाचित एरवीपेक्षा जास्त. लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन याच जातीचे आहे. तिथेही भजन बसून नव्हे, शरीराच्या फेऱ्यांतून साधते.

जात्यावर हे आणखी साधेपणाने घडत होते. गोदाकाठच्या गंगाखेडची मानली जाणारी जनाबाई दळता दळता विठ्ठलाला हाक मारते, ही प्रतिमा मराठवाड्याच्या घराघरांत आहे. पहाटेच्या अंधारात एक पाय पसरून, एक दुमडून बसायचे, खुंटा धरायचा, मूठमूठ दाणे वैरायचे, आणि ओढीच्या लयीत ओवी यायची. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत. दळण हे कष्टाचेच काम होते आणि त्याचे कौतुक करताना ते विसरता कामा नये. पण सक्तीच्या, आपोआप चालणाऱ्या हालचालीत त्या बायकांनी स्वतःचा आवाज बसवला. हालचाल तीच राहिली, तिच्या आतले वळण बदलले.

भानाविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो: लक्ष दिले की बिघडते. तबलजीने बोटांकडे पाहिले तर ठेका अडखळतो. आक्षेप खरा आहे, आणि उपायही त्यातच आहे. भान जर आपोआप चालणाऱ्या साखळीला अडखळवते, तर जी साखळी मोडायची आहे तिथेच ते न्यावे. तंबाखू मळणाऱ्याने प्रत्येक हालचाल सावकाश, पाहत पाहत केली, खिसा, पुडी, चिमूट, चुना, अंगठा, तर ती कृती अवघड होऊ लागते, तिचा गुळगुळीतपणा जातो. नवी सवय पक्की झाल्यावर मात्र भान तिथून उठून दुसरीकडे जायला मोकळे असते. सवयी नसलेला माणूस होणे हे ध्येय कोणत्याही परंपरेने ठेवलेले नाही.

पाली ग्रंथांत याविषयी एक विलक्षण प्रामाणिक गोष्ट आहे. पिलिंदवच्छ नावाचे भिक्खू अर्हत झालेले, तरी इतर भिक्खूंना ‘वसल’ म्हणजे हीनजातीचा म्हणून हाक मारीत. तक्रार बुद्धांपर्यंत गेली. बुद्धांनी सांगितले की त्यांच्या मनात द्वेष उरलेला नाही. पाचशे जन्म ब्राह्मण कुळात काढल्याने हा शब्द तोंडात बसला आहे. मुक्त माणसाच्या जिभेवरही जातीचा पीळ राहू शकतो, हे परंपरेने लपवले नाही.

जातीचे वळण बोलणाऱ्याच्या जिभेत असते तसे ऐकणाऱ्याच्या पाठीतही घातले जाते. पिढ्यान्‌पिढ्या महारांना ‘जोहार मायबाप’ म्हणत वाकावे लागे, बाजूला उभे राहावे लागे, नजर खाली ठेवावी लागे. निजामी राजवटीतल्या मराठवाड्यात देशमुखी-पाटिलकीच्या वाड्यांसमोर हे वाकणे इतके रुळले होते की हुकूम द्यायला कोणी नसतानाही पाठ वाके. फ्रेंच अभ्यासक मार्सेल मोस यांनी १९३४ च्या व्याख्यानात चालणे, बसणे, पोहणे या शरीराच्या रीती समाजाने घडवलेल्या असतात असे मांडले. वाकलेली पाठ हा त्याचा सर्वांत क्रूर पुरावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने विचार दिले, संघटना दिली, आणि त्याचबरोबर शरीराला नवी रीतही दिली. कामठीचे बाबू हरदास यांच्या नावाशी जोडलेले ‘जय भीम’ हे अभिवादन सरळ उभे राहून, समोर पाहून करायचे असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्यांत दारू न पिण्याचीही होती. दीक्षा एका दिवसात झाली. पाठ सरळ व्हायला मात्र रोजची असंख्य अभिवादने लागली. वाड्यासमोरून जाताना मान आपोआप खाली जाऊ लागली की ते ओळखायचे आणि मान वर ठेवायची. शरीराच्या भानाचा इतका मोठा सामाजिक प्रयोग महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. त्याला कोणी ध्यान म्हटले नाही, पण त्यात ध्यानाची सगळी अंगे होती.

या साधनांच्या मर्यादाही आहेत. ज्या उसाच्या फडात कंबर वाकवूनच कोयता चालवावा लागतो तिथे कमरेचे भान कमरेला सुख देत नाही. तिथे मजुरी, विश्रांती, औषध यांचे प्रश्न आधी सोडवावे लागतात. आणि काही शरीरांत आत लक्ष नेणे हेच भयंकर असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छते झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर कित्येक दिवस लोक छताखाली झोपायला तयार नव्हते. हेही अंगवळणच, पण ते अभ्यासाने नव्हे तर एका पहाटेने पाडलेले. जड वाहनाच्या धडधडीने जमीन जराशी थरथरली तरी पाय दाराकडे धावतात, विचार नंतर येतो. अशा माणसाला डोळे मिटून छातीतली धडधड पाहा म्हणणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच पहाटेत लोटणे. त्याच्यासाठी वाट उलटी असते. डोळे उघडे, पाय जमिनीवर, हातात काहीतरी काम, शेजारी माणूस. अंगातल्या भीतीऐवजी तळव्याखालची जमीन जाणवू द्यायची, ती आत्ता हलत नाही एवढे पाहायचे. खाट अंगणातून ओसरीवर यायला काही रात्री लागतात, ओसरीवरून उंबऱ्यापाशी यायला आणखी काही. प्रत्येक जागी अंग आखडते, ते सैल होईपर्यंत तिथेच राहायचे, मग पुढची जागा. कुठल्या रात्री खाट छताखाली जाईल ते आधी ठरवता येत नाही, आणि घाई केली तर ती पुन्हा अंगणात जाते.